मुंबईत बसून जागतिक पर्यावरण-चर्चेत कसं शिरायचं

दिवाळी सरली की इन्स्टाग्रामवर ते फोटो सुरू होतात. कुठल्यातरी परक्या शहरात 'कॉप'चा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या वार्षिक हवामान परिषदेचा भलामोठा फलक, त्यापुढे गळ्यात बॅज अडकवलेली तरुण मंडळी. मग माटुंग्यापासून विरारपर्यंतच्या कॉलेजांमधून एकच प्रश्न येतो: आपल्याला जाता येईल का? जाता येईल. पण परिषदेच्या दोन आठवड्यांत जे मंजूर होतं, त्याचा बराचसा मसुदा आधीच्या महिन्यांत लिहून झालेला असतो. त्या महिन्यांत कॅमेरे नसतात, गर्दी नसते आणि नवख्या माणसाला शिरायला जागा असते. म्हणून या लेखात विमानाचं तिकीट शेवटी येतं.

आधी दार कुठे आहे ते बघा

१९९२ साली रिओच्या वसुंधरा परिषदेत सेव्हर्न कलिस-सुझुकी या बारा वर्षांच्या कॅनेडियन मुलीचं भाषण गाजलं. ते अजून फिरतं. त्याच परिषदेत 'अजेंडा २१' हा दस्तऐवज मंजूर झाला आणि त्याचं २५वं प्रकरण मुलं व तरुणांवर आहे, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरणविषयक कामात ज्या नऊ समाजगटांना अधिकृत स्थान आहे, त्यांत महिला, शेतकरी, कामगार, आदिवासी यांच्याबरोबर मुलं आणि तरुण हा एक गट आहे. त्याचा उगम तिथला.

पुढे प्रत्येक कराराला आपापला तरुणगट मिळाला. हवामान कराराचा 'यंगो', ज्याला २०११ पासून पूर्ण मान्यता आहे आणि ज्यात वयाच्या पस्तिशीपर्यंत राहता येतं. जैवविविधता कराराचं 'जीवायबीएन' हे जाळं, २०१० पासूनचं. नैरोबीच्या संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाचा मुलं व तरुणांचा गट. पाणथळ जागांच्या रामसर कराराभोवती काम करणारा 'युथ एंगेज्ड इन वेटलँड्स'. अठराच्या आतल्यांसाठी तर बालहक्क करारच आहे. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला आणि त्याचं १२वं कलम मुलांचं म्हणणं ऐकून घ्यायला सांगतं. याच कराराच्या समितीने ऑगस्ट २०२३ मध्ये पर्यावरण व हवामानबदलावर 'सामान्य भाष्य क्रमांक २६' काढलं. त्यासाठी १२१ देशांतल्या मुलांकडून सोळा हजारांवर सूचना आल्या होत्या. मुलांनी त्या घरबसल्याच पाठवल्या.

एक गोष्ट मनाशी पक्की करून ठेवा. या सगळ्या ठिकाणी तुम्ही निरीक्षक असता. मत देशांचं, सही देशांची. हवामानाच्या परिषदेत तर मतदानही होत नाही, सर्वसहमतीने चालतं. तुमच्या हातात असतं ते सुचवणं, पुरावा देणं, वेळेवर आठवण करून देणं आणि बाहेर येऊन लोकांना सांगणं. एवढ्यावर समाधान नसेल तर हे काम तुम्हाला फार चिडवेल.

पहिली पायरी: पायाखालचा एक विषय

'मला हवामानबदलावर काम करायचंय' हा विषय नाही. हवामानाच्या एका परिषदेत कार्यसूचीवर डझनावारी बाबी असतात आणि प्रत्येकीची खोली वेगळी. सगळीकडे डोकावणारा माणूस कुठेच उपयोगाचा राहत नाही.

मुंबईकराला विषय शोधायला लांब जावं लागत नाही. ठाण्याची खाडी घ्या. ऐरोली-भांडुपच्या मधलं हे खाजण, तिवरं आणि रोहित पक्षी २०१५ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत गेली. म्हणजे तिथे भराव पडला तर प्रश्न वनखात्यापुरता राहत नाही, एका आंतरराष्ट्रीय कराराखाली भारताने दिलेल्या शब्दाचा होतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तिथून तुम्ही अनुकूलनाच्या, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या, किंवा हानी-नुकसान निधीच्या चर्चेत पोचता. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला, त्यात २०५०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट आहे आणि महापालिका 'सी-४०' या जागतिक शहरगटाची सदस्य आहे. आराखड्यात ऊर्जा व इमारती, वाहतूक, कचरा, हिरवाई, हवा आणि पूर अशी सहा क्षेत्रं आहेत. आपल्या वॉर्डात त्यातलं काय झालं, एवढंच वर्षभर धरून बसलात तरी तुमच्याकडे असं काही असेल जे दिल्लीच्या अधिकाऱ्याकडे नाही.

मी नवख्यांना बहुतेकदा प्लास्टिक सुचवतो, कारण ते हाताला लागतं. २०२२च्या मार्चमध्ये देशांनी प्लास्टिकवर बंधनकारक करार करायचं ठरवलं. मग वाटाघाटींच्या फेऱ्या सुरू झाल्या, बुसान झालं, ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा झालं, आणि करार काही झाला नाही. उत्पादनावर मर्यादा घालायची की फक्त कचरा आवरायचा, यावर घोडं अडलं. भारत उत्पादनावरच्या मर्यादेच्या विरोधात राहिला आहे. आता वर्सोव्याला सकाळी बोटी लागतात तेव्हा जा. डोल जाळं रिकामं करताना जवळा आणि मांदेलीबरोबर काय पडतं ते बघा: शाम्पूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटं, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे. बाया मासळी निवडता निवडता ते बाजूला फेकत असतात. त्याची नोंद ठेवायची.

नोंद म्हणजे फोटो नव्हे. वहीत तारीख आणि तिथी दोन्ही लिहा, कारण उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत, जाळ्यात येणारा कचरा आणि भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, येणारा कचरा सारखा नसतो. कुठली बोट, कुठल्या अंगाला जाळं लावलं होतं, किती वेळ, हे बोट चालवणाऱ्या तांडेलाला विचारून लिहा. प्लास्टिक ओलंच तोललंत तर चिखल आणि पाणीच मोजाल. धुवा, वाळवा, मग वजन करा. पुड्या, पिशव्या, दोऱ्या, थर्माकोल असे ढीग वेगळे करा आणि पुड्यांवरचं कंपनीचं नाव वाचता आलं तर तेही उतरवा. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा वही रिकामी राहणार, हे गृहीत धरा. आणि सुरुवात करायच्या आधी कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीला भेटा. माहिती त्यांच्या जाळ्यातली आहे. कुठे वापरणार ते आधी सांगा आणि वापरताना त्यांचं नाव घालायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

दुसरी पायरी: एक परिषद घरून पूर्ण बघा

हवामान कराराच्या सहायक समित्या दर जूनमध्ये जर्मनीतल्या बॉनला बसतात. तिथे तांत्रिक कुटाकुटी होते आणि नोव्हेंबरचा मसुदा आकार घेतो. मोठ्या सभांचं थेट प्रक्षेपण फुकट असतं. उन्हाळ्यात बॉन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणजे तिथली सकाळी दहाची सभा मुंबईत दुपारी दीडला. लेक्चर संपवून बघता येते. 'अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन' या वार्तापत्रात प्रत्येक दिवशी कुठल्या खोलीत कोण काय म्हणालं ते थोडक्यात येतं, तेही मोफत.

एकच बाब निवडा आणि तिच्या मसुद्याची रोजची आवृत्ती उतरवून ठेवा. मसुद्यात चौकटी कंस दिसतील. कंसातला मजकूर म्हणजे अजून भांडण चालू आहे. 'पर्याय १, पर्याय २' असं असेल तर कुठला पर्याय कुणाचा, ते शोधा. सोमवारची आणि गुरुवारची प्रत शेजारी शेजारी ठेवून काय गळलं ते लाल पेनाने खुणावलंत की पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त कळतं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण पहिल्यांदाच परिषदेला गेलेली मंडळी तिसऱ्या दिवशी मंडपात कॉफी पीत फिरताना दिसतात, त्याचं कारण हेच की खोलीत काय चाललंय ते त्यांना कळत नसतं.

याच काळात भारताची बाजूही वाचून काढा. आपण 'जी-७७ आणि चीन' या गटातून बोलतो, शिवाय समविचारी विकसनशील देशांचा गट आणि ब्राझील, दक्षिण आफ्रिका व चीनबरोबरचा 'बेसिक' गट आहे. २०२४ मध्ये बाकूला विकसनशील देशांसाठी २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचं उद्दिष्ट ठरलं, तेव्हा भारताने ते अपुरं म्हणून सभागृहातच जाहीर आक्षेप घेतला. तो का घेतला हे माहीत नसताना परदेशी मित्रांच्या पत्रकावर सही करू नये. माहीत असूनही सरकारशी मतभेद असेल, तर खुशाल मांडा.

तिसरी पायरी: गटात शिरा

यंगोच्या कार्यगटांत व्यक्ती म्हणून जाता येतं, पैसे पडत नाहीत. अर्थपुरवठा, अनुकूलन, समुद्र, आरोग्य असे कार्यगट असतात. जागतिक उत्तर (श्रीमंत देश) आणि जागतिक दक्षिण (विकसनशील देश) यांचे समन्वयक दरवर्षी निवडले जातात. कॉपच्या आधी तरुणांची स्वतःची परिषद भरते, ही प्रथा २००५च्या माँट्रियलपासूनची. तिच्या स्थानिक आवृत्त्या देशोदेशी होतात, भारतातही होते. नवख्याने पहिल्यांदा तिथे जावं. खर्च रेल्वेच्या तिकिटाचा आणि ओळखी तितक्याच कामाच्या.

गटात गेल्यावर पहिल्या बैठकीतच भाषण नको. बैठकीचं टिपण कुणी काढायचं, असा प्रश्न येतो तेव्हा सगळे गप्प होतात. तेव्हा हात वर करा. टिपण काढणाऱ्याकडे मसुदा येतो आणि मसुदा ज्याच्याकडे, त्याचे शब्द त्यात राहतात. बैठका बऱ्याचदा युरोपच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्या रात्री अकराला असतात. वेळ आळीपाळीने बदला, असं स्पष्ट सांगा. गटाच्या पत्रकांत 'जागतिक दक्षिण' हे दोन शब्द सढळ हाताने येतात, पण उदाहरण मात्र तिकडचंच असतं. तुमच्या वहीतली नोंद तिथेच कामाला येते.

इंग्रजीचा धसका घेऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत हिंदी नाही, तिथे मराठीची काय कथा. लहान खोल्यांतलं काम तर जवळपास सगळं इंग्रजीतच चालतं. पण तिथे बोलणाऱ्या बहुतेकांची ती दुसरी-तिसरी भाषा असते. छोटी वाक्यं चालतात, नव्हे, दुभाष्यांना तीच हवी असतात.

चौथी पायरी: लिहा, आणि मागणी नेमकी करा

करारांची सचिवालयं वर्षभर लेखी सूचना मागवतात. हवामान करारात त्या मान्यताप्राप्त निरीक्षक संस्थांमार्फत जातात, म्हणजे यंगोच्या सूचनेत तुमचा परिच्छेद घुसवायचा. संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्कविषयक विशेष प्रतिवेदक, म्हणजे एकेका विषयावर नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ, मात्र कुणाकडूनही माहिती घेतात. त्यांच्या 'माहिती पाठवा' या आवाहनांवर नजर ठेवा. पदव्युत्तर किंवा पीएचडी करत असाल तर आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-विज्ञान मंडळाच्या अहवालांच्या मसुद्यांवर तज्ज्ञ-परीक्षक म्हणून नाव नोंदवता येतं, आपलं ज्ञान कशातलं आहे ते स्वतःच घोषित करायचं असतं. या अहवालांच्या सातव्या फेरीत शहरांवर खास अहवाल होतो आहे. मुंबईवर संशोधन करणाऱ्यांनी तो सोडू नये.

परिषदेच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या सभेत निरीक्षक गटांना बोलायला मिनिट-दोन मिनिटं मिळतात. त्यात काय बोलायचं? नेहमी ऐकू येतं ते असं:

"आम्ही तरुण म्हणजे या पृथ्वीचं भवितव्य आहोत. आमचा आवाज ऐका. फार उशीर होण्याआधी पावलं उचला."

टाळ्या पडतात. अध्यक्ष आभार मानतात. मसुद्यातला एक स्वल्पविरामही हलत नाही. समजा, प्लास्टिकच्या वाटाघाटीत तेच मिनिट असं वापरलं:

"उत्पादनांच्या रचनेवरच्या परिच्छेदात दुसरा पर्याय ठेवावा आणि त्यात 'अनेक थरांची लहान पाकिटं' हे शब्द घालावेत. मुंबईच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यांतल्या कचऱ्याची नोंद आम्ही मच्छीमार सोसायटीबरोबर ठेवली. ही पाकिटं परत कुणी विकत घेत नाही, म्हणून ती कचरावेचकही उचलत नाहीत. तपशील सचिवालयाकडे दिला आहे."

हे ऐकून खोलीतला एखादा वाटाघाटी करणारा अधिकारी तो परिच्छेद काढून बघतो. काम तिथे सुरू होतं. निवेदन घड्याळ लावून वाचा, मिनिटाला शंभर-सव्वाशे इंग्रजी शब्दांच्या वर जाऊ नका आणि प्रत आधी दुभाष्यांकडे द्या.

पाचवी पायरी: आपलंच सरकार

ही पायरी बहुतेक जण गाळतात, कारण बॉनपेक्षा दिल्लीचं जोरबाग, जिथे पर्यावरण मंत्रालय बसतं, ते लांब वाटतं. पण मत देशांचं असेल, तर आपल्या देशाशी बोलल्याशिवाय कसं होणार?

दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये हेच केलं. हवामानबदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारावं, अशी त्यांची कल्पना होती. ती घेऊन ते रस्त्यावर उतरण्याआधी पॅसिफिकमधल्या सरकारांकडे गेले. वानुआतू या छोट्या बेटदेशाने ती उचलली. २९ मार्च २०२३ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत १३२ देशांच्या पाठिंब्याने ठराव आला आणि मतदानाशिवाय मंजूर झाला. २३ जुलै २०२५ला हेगच्या न्यायालयाने सल्लागार मत दिलं: हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. वर्गातल्या चर्चेपासून तिथवर सहा वर्षं लागली.

आपलं सरकार वानुआतूएवढं हाताशी नाही, हे खरं. तरी वाटा आहेत. पर्यावरण मंत्रालय नियमांचे मसुदे राजपत्रात काढतं तेव्हा हरकतींसाठी साधारण साठ दिवस असतात. २०२०च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्यावर देशभरातून, विशेषतः विद्यार्थ्यांकडून, पत्रांचा पाऊस पडला आणि तो मसुदा प्रादेशिक भाषांत द्यावा असं दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं. मराठी प्रत मागताना त्या आदेशाचा दाखला द्या. खासदाराला निवेदन देऊन फोटो काढण्यापेक्षा संसदेत विचारता येईल असा एक प्रश्न लिहून द्या. लोकसभेत प्रश्नासाठी किमान पंधरा दिवसांची पूर्वसूचना लागते, म्हणून अधिवेशनाच्या बऱ्याच आधी भेटा. अमुक परिषदेत भारताने लेखी काय मांडलं हे कराराच्या संकेतस्थळावर सापडलं नाही, तर दहा रुपयांत माहिती अधिकार आहेच.

पत्राची ताकद मुंबईला तरी सांगायला नको. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेतली झाडं रातोरात तोडली जात असताना कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सर्वोच्च न्यायालयाने तेच याचिका मानून सुनावणी घेतली आणि तोड थांबली. तोवर बरीच झाडं गेली होती, हेही तितकंच खरं.

आता तिकीट

कॉपचा बॅज एकट्यादुकट्याला मिळत नाही. करारात नोंद असलेल्या निरीक्षक संस्थेने तुमचं नाव सुचवावं लागतं, आणि प्रत्येक संस्थेचा कोटा ठरलेला. नावं महिनोन्‌महिने आधी जातात. सप्टेंबरात जागे झालात तर उशीर झाला. आपलं विद्यापीठ किंवा संशोधन संस्था नोंदलेली आहे का, ते यादीत बघा. वय अठराच्या आत असेल तर पालकांची संमती आणि सोबत जबाबदार मोठं माणूस लागतं.

बॅजला पैसे लागत नाहीत. 'जागतिक युवा प्रतिनिधी' निवडल्याची मेल येते, निळं बोधचिन्ह संयुक्त राष्ट्रांसारखं दिसतं आणि खाली दुबई किंवा बँकॉकच्या हॉटेलातल्या तीन दिवसांचं शुल्क लिहिलेलं असतं. त्याला सहल म्हणा, प्रमाणपत्र म्हणा. निर्णय तिथे होत नाहीत.

खर्च मुख्यतः राहण्याचा. २०२५ मध्ये बेलेमला खोल्यांचे भाव इतके चढले की पाहुण्यांसाठी क्रूझ जहाजं आणून उभी केली होती. शिष्यवृत्ती शोधताना ती थेट तिकीट आणि निवास देते का, की आधी तुम्ही भरा मग परत देऊ म्हणते, हे विचारून घ्या. मध्यमवर्गीय घरात दुसरी पद्धत म्हणजे बाबांचं क्रेडिट कार्ड. तुमच्या मंडळाच्या खात्यात मात्र परदेशी संस्थेचे पैसे घेऊ नका. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय ते बेकायदा आहे.

२०२६चं कॉप तुर्कस्तानात अंताल्याला आहे, २०२७चं इथिओपियात अदिस अबाबाला. इथिओपिया, केनिया किंवा ब्राझीलहून परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. लस ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. नोव्हेंबर म्हणजे सेमिस्टरची परीक्षा, हेही विसरू नका. प्राचार्यांना पत्र जुलैतच द्या. पंच्याहत्तर टक्के हजेरीचा हिशेब परिषदेतून आल्यावर घालायला गेलात तर कुणी ऐकत नाही.

तिथे पोचल्यावर रोज सकाळी यंगोच्या बैठकीला जा, तुमच्या एका बाबीची खोली धरून बसा, आणि खोली निरीक्षकांना बंद झाली तर बाहेर थांबा; अधिकारी चहाला बाहेर येतातच. भारताच्या शिष्टमंडळातल्या ज्याच्याकडे तुमची बाब आहे त्याला एक पान द्या. दोन पानं दिलीत तर तो ती बॅगेत ठेवेल.

परत आल्यावर महिन्याभरात निर्णयाचा अंतिम मजकूर प्रसिद्ध झालेला असतो. तुमच्या बाबीचे परिच्छेद मराठीत करा. एक प्रत मच्छीमार सोसायटीला, एक वॉर्ड ऑफिसला, एक खासदाराच्या कचेरीत. पुढच्या सूचनांच्या मुदती बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात, म्हणजे वही पुन्हा उघडायला डिसेंबर उजाडू देऊ नका.